बुरुजाआडचे घर आणि वाडीतले घर

मध्ययुगात शेतीवर जगणाऱ्या सधन घराला तीन गोष्टी जपाव्या लागत: माणसे, गुरे आणि वर्षाचे धान्य. दरोडेखोर येवोत, शेजारचा वैरी येवो की मुलूख मारत जाणारी फौज येवो, सगळ्यांचा डोळा याच तिन्हींवर असे. राजाचा किल्ला दूर आणि राजाची शिबंदी त्याहून दूर, अशा मुलखात राहते घरच लढाऊ करून घ्यावे लागले. युरोपच्या पश्चिम टोकाला त्याने उभट दगडी मनोऱ्याचे रूप घेतले, महाराष्ट्रात देशावर बुरूजबंद गढीचे. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, अलिबाग आणि रेवदंडा यांच्या मध्ये वसलेल्या नागावात मात्र घर उघडेच राहिले. त्याला ना तट, ना बुरूज. किनारा काही निर्धास्त नव्हता. सिद्दी, फिरंगी, निजामशाही, इंग्रज असे सगळे याच पाण्यावर एकमेकांना भिडले. तरीही नागावकर नारळ-सुपारीच्या वाडीतच राहिला. असे का झाले, याचे उत्तर शौर्यापेक्षा पीक, पाणी आणि पाऊस यांत अधिक सापडते.

आधी मनोऱ्याच्या घराविषयी थोडेसे. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये चौदाव्या ते सतराव्या शतकात जमीनदार घराण्यांनी असे मनोरे मोठ्या संख्येने बांधले. तळाला दगडी कमानीचे कोठार, त्यावर बैठकीचे दालन, त्याच्याही वर निजायच्या खोल्या आणि भिंतीच्या जाडीत बसवलेला गोल जिना. मनोरा एकटा नसे. त्याला लागून दगडी भिंतीचे आवार असे आणि त्यात गोठे, तबेले, धान्याची कोठारे, कधी वेगळे स्वयंपाकघर. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरच्या स्मेलहोम येथे मनोरा अजून उभा आहे. आवारातल्या इमारतींचे मात्र जमिनीलगतचे पायेच उरले आहेत. सरकारही या बांधकामात लक्ष घालत असे. आयर्लंडमध्ये १४२९ साली इंग्रज राजवटीने २० फूट लांब, १६ फूट रुंद आणि ४० फूट उंच मनोरा बांधणाऱ्याला १० पौंड देऊ केले. स्कॉटलंडमध्ये १५३५ च्या कायद्याने सीमाभागातल्या मोठ्या जमीनदारांना ६० फूट चौरस आवाराची भिंत घालणे भाग पाडले, म्हणजे वेळप्रसंगी रयतेला आणि तिच्या मालमत्तेला तिथे आसरा मिळावा. कायद्याने मागितले ते आवार. मनोरा बांधायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्यावर सोडले होते. त्या मुलखात गाय-बैल हीच खरी दौलत होती आणि ती रातोरात हाकून नेता येत होती, हे ध्यानात घेतले की आधी आवार, मग मनोरा हा क्रम उमगतो.

महाराष्ट्रात या प्रकाराचा जवळचा नातलग म्हणजे गढी. पाटील, देशमुख, देशपांडे यांच्या वतनांतून ती उभी राहिली. वतनदाराकडे गावाचा किंवा परगण्याचा वसूल गोळा होई आणि तो बराचसा धान्याच्या रूपाने येई. गढी हे म्हणूनच एकाच वेळी कुटुंबाचे घर, सरकारी कोठार आणि गावाचे आसऱ्याचे ठिकाण होते. वेरूळला भोसल्यांच्या गढीची जोती आजही पाहता येतात. तिथली पाटिलकी त्या घराण्याकडे होती. सिंदखेडराजाचा लखुजी जाधवांचा वाडा हा सरदारी ऐपतीचा नमुना. जिजाबाईंचा जन्म तिथला, १५९८ चा. वाड्याचा थाट राजवाड्याचा आहे, पण भक्कम दरवाजा, तळघरे आणि बंदिस्त आवार ही त्याची हाडे गढीचीच आहेत.

गढीची जागा बहुधा गावच्या पांढरीवर, म्हणजे शतकानुशतके वस्ती राहून उंचावलेल्या टेकाडावर निवडलेली असते. आखणी चौकोनी, चार कोपऱ्यांना चार बुरूज. खालचा भाग घडीव काळ्या दगडाचा आणि वरचा विटांचा किंवा नुसत्या पांढऱ्या मातीचा. बाहेरच्या भिंतीला खालच्या अंगाला खिडकी नसते. वर बंदुकीसाठी तिरक्या जंग्या. आत शिरायला एकच वाट आणि सगळी कारागिरी त्या वाटेवर खर्च झालेली दिसते. दाराच्या फळ्यांवर हत्तीने धडक देऊ नये म्हणून लोखंडी खिळे. मोठ्या दारात वाकून आत जावे लागेल इतकी लहान दिंडी. वाकलेल्या माणसाची मान पहारेकऱ्याच्या तलवारीच्या टप्प्यात येते. दाराच्या एका बाजूच्या भिंतीत आडवे, खोल भोक असते. अडसराचे लाकूड दिवसा त्या भोकात पूर्ण शिरलेले असते आणि संध्याकाळी ते ओढून समोरच्या भिंतीतल्या खोबणीत बसवतात. पडक्या गढीत लाकूड गेलेले असते, भोक तेवढे उरते. त्याच्या खोलीवरून दार केवढे होते याचा अंदाज बांधता येतो. दारातून आत गेले की दोन्ही अंगांना देवड्या आणि पुढे वाट काटकोनात वळते, त्यामुळे बाहेरून चौक दिसत नाही.

चौकाभोवती ओसरी, सोपा, माजघर, देवघर, मुदपाकखाना ही घराची नेहमीची मांडणी. वाचकाने अधिक वेळ द्यावा तो या खोल्यांच्या मागे आणि खाली दडलेल्या जागांना. दोन भिंतींच्या मध्ये अंधारी पोकळी ठेवलेली असते, ते बळद. धान्य वरून माळ्यातल्या तोंडाने ओतायचे आणि लागेल तसे तळाच्या लहानशा भोकातून काढून घ्यायचे. भोक लिंपले की तिथे काही आहे हे परक्याला कळत नाही. त्याखेरीज जमिनीत पेव. कोरड्या, मुरमाड जमिनीत कुपीसारखा खड्डा खणून तळाला आणि कडेला पेंढ्याचा किंवा कडब्याचा थर देतात, ज्वारी भरतात आणि तोंड दगड-मातीने बंद करतात. आतल्या कोंदट हवेत कीड जगत नाही. माणूसही जगत नाही, म्हणून पेव उघडल्यावर बराच वेळ कोणी आत उतरत नसे. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद ठेवायची पेवे प्रसिद्ध होती आणि २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ निकामी झाली. पेवाला कोरडी जमीनच लागते, हे त्या पुराने दाखवून दिले. गुरांचा गोठा, घोड्यांची पागा, वैरणीची जागा आणि आड हे सगळे तटाच्या आत. वेढा पडला तर आडाशिवाय गढी दोन दिवसही टिकली नसती.

या बळकट घरांचे राज्यसत्तेशी वाकडे येणे अटळ होते. ज्याच्या घराला बुरूज, तो वसुलाला हिशेब देईलच असे नाही. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत याविषयी स्पष्ट नोंद आहे: शिवाजी महाराजांनी वतनदारांचे बळकट वाडे आणि हुडे पाडून टाकले आणि त्यांनी बुरुजाविना साध्या घरात राहावे असा नियम घातला. किल्ला स्वराज्याचा आणि घर रयतेचे, अशी ही वाटणी. नियम सर्वत्र आणि कायम पाळला गेला असे नाही. अठराव्या शतकात सरदारांच्या हाती सत्ता गेली तशा गढ्या पुन्हा उभ्या राहिल्या.

आता किनारा. अष्टागर नावाच्या या बागायती किनारपट्टीतले नागाव जुने. नागावच्या भीमेश्वर मंदिराजवळचा चौदाव्या शतकातला, हंबीररावाच्या काळचा शिलालेख त्याची साक्ष देतो. पण त्या काळातले एकही राहते घर उभे नाही आणि असण्याचा संभव नाही. लाकूड, माती आणि झावळ्या यांना शतके पेलत नाहीत. आज जी जुनी घरे दिसतात ती बहुतेक एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातली. मांडणी मात्र त्यांच्याहून जुनी मानायला हरकत नाही, कारण ती कोण्या गवंड्याने ठरवलेली नाही, जमिनीने ठरवलेली आहे. समुद्रालगत पुळण, तिच्यामागे सुरू आणि केवड्याचा पट्टा, मग वाळूमिश्रित जमिनीवर नारळ-सुपारीच्या वाड्या, त्यांच्यामधून गेलेला रस्ता आणि पलीकडे भातशेती. वाड्या अरुंद आणि लांब, एकीला लागून दुसरी. प्रत्येकीत घर, विहीर आणि गोठा. वस्ती म्हणूनच गोळा न होता रस्त्याच्या कडेने मैलभर पसरत जाते. देशावरचे गाव पांढरीवर दाटीने बसते आणि शेते चोहोबाजूंनी लांब असतात. इथे घर शेतातच असते.

या फरकाच्या मुळाशी पाणी आहे. वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी इथे थोड्या खोलीवर लागते, त्यामुळे दर वाडीला स्वतःची विहीर परवडते. तिच्यावर रहाट. उभ्या चाकावरून काथ्याच्या दोरांची माळ विहिरीत सोडलेली, माळेला मातीची गाडगी बांधलेली. बैल किंवा रेडा गोल फिरतो, दात्यांच्या चाकांवरून ती गती उभ्या चाकाला पोचते, भरलेली गाडगी वर येतात आणि पन्हळीत उपडी होतात. पन्हळीतून पाटात, पाटातून आळ्यात. पाटाला उतार मिळावा म्हणून रहाटाचे जोते आसपासच्या जमिनीपेक्षा उंच बांधावे लागते. विहीर, रहाटाचे उंच जोते, बैल फिरण्याचे रिंगण आणि दगडी पन्हळ हे वाडीतले सर्वांत पक्के बांधकाम. घर मातीचे, गोठा कुडाचा, पण विहिरीचे बांधकाम चिरेबंदी, असा क्रम नागावकडच्या जुन्या वाड्यांत सहज आढळतो. देशावर दगड आणि चुना दारावर आणि बुरुजावर खर्च होई. इथे तो विहिरीवर झाला. कुणाची खरी दौलत कोणती होती हे त्या खर्चाने सरळ सांगितले आहे.

पिकाचेही तसेच. ज्वारीची रास एका रात्रीत पोती भरून नेता येते, गुरे हाकून नेता येतात. पोफळ आणि माड उचलून नेता येत नाहीत. उतरवलेली सुपारी अंगणात वाळत घातलेली असते आणि नारळ माळ्यावर टाकलेले असतात, म्हणजे चोरीला वाव आहे, पण लुटारूच्या हाती लागेल ते एका तोडीचे उत्पन्न. झाडे तोडून सूड उगवता येतो आणि ते नुकसान मोठे. माडाचे रोप फळाला यायला सात-आठ वर्षे लागतात. पण रस्त्यापासून पुळणीपर्यंत गेलेल्या वाडीला तट घालणे कोणाच्याही ऐपतीबाहेरचे होते. झाडांचे रक्षण करायचे तर ते हुकुमानेच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेची आंबा-फणसासारखी झाडे तिच्या मर्जीवाचून तोडू नयेत असे बजावले आहे, आणि ती मुलासारखी वाढवलेली असतात हे कारणही दिले आहे. कोकणातल्या मालमत्तेची नस तिथे बरोबर पकडली गेली आहे.

तिसरे कारण पाऊस. अलिबागच्या किनाऱ्यावर वर्षाला सुमारे दोन हजार मिलीमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पारनेरसारख्या देशावरच्या तालुक्यात तो याच्या चौथाई-तिहाईवर थांबतो. पांढऱ्या मातीचा उघडा बुरूज नागावात दोन पावसाळ्यांत ढासळला असता. देशावरचे धाब्याचे सपाट छप्पर, ज्यावर पहारेकरी उभा राहू शकतो, ते इथे निरुपयोगी. इथले छप्पर उतरते असावे लागते आणि भिंत भिजू नये म्हणून ते पुढे ओढून चहूबाजूंनी पडव्या काढाव्या लागतात. भिंत जितकी उघडी, तितकी ती पावसाला बळी. आणि भिंत झाकली की तिच्यातून गोळी झाडता येत नाही. पेवाचा तर प्रश्नच नाही, हातभर-दोन हात खणले की ओल लागते. धान्य जमिनीखाली न जाता वर गेले: भाताच्या पेंढ्यांची उडवी उंचवट्यावर रचलेली, झोडलेले भात कणगीत आणि तांदूळ पेंढ्यात घट्ट आवळलेल्या मुड्यांत. दारात रचलेली उडवी रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसते. बळद घरच्या नोकरालाही दिसत नाही.

घराचा क्रम असा. बेडे उघडून आत आले की अंगण, अंगणात तुळशीवृंदावन. मग पुढची पडवी, ओटी, माजघर, त्याला लागून देवघर आणि स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणी. वर माळा. गोठा घराच्या एका अंगाला किंवा मागे, पण अंतर राखून, कारण शेण-मुताची घाण आणि आगीचे भय. शेणाचा उकिरडा गोठ्याजवळ, आणि त्यातले खत थेट माडांच्या आळ्यांत. खोपटे, सरपणाचा मांडव ही किरकोळ बांधकामे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी झाप बदलून नव्याने शाकारायची. घरावर पूर्वी पेंढा किंवा नळीची कौले असत. मंगळुरी कौल आले ते १८६५ साली मंगळुरात बासेल मिशनने कारखाना काढल्यानंतर, सावकाशीने. धंद्यानुसार एखादी जागा वाढे: बेने इस्रायल समाज या पट्ट्यात तेल गाळत असे आणि त्या घरांना घाण्याची जागा लागे, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. स्कॉटिश मनोऱ्याच्या आवारातले गोठे-कोठारे भिंतीच्या आश्रयाने एकमेकांना चिकटलेली असतात. वाडीतल्या इमारती झाडांच्या सावलीत सुट्या विखुरलेल्या असतात आणि त्यांना जोडणारा असतो तो पाण्याचा पाट.

मनोरे या किनाऱ्यावर नव्हते असे मात्र नाही. नागावच्या दक्षिणेला रेवदंड्याच्या कोटात सातखणी मनोरा अजून उभा आहे, वरचे मजले ढासळलेला. तो फ्रान्सिस्कन मठाच्या आवारातला. घंटेसाठी आणि समुद्रावर नजर ठेवण्यासाठी. कुणा शेतकऱ्याचे ते घर नव्हते. रेवदंड्याचा हा कोट म्हणजे पोर्तुगीजांचे चौल. त्यांची वखार तिथे १५१६ मध्ये आली आणि पुढच्या दहा वर्षांत किल्ला झाला. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने घातलेल्या वेढ्याच्या वेळी वस्तीला पुरता तट नव्हता, म्हणून किल्ल्याबाहेरचा मठ आणि नागरिकांची दगडी घरे हेच मोर्चे बनले. घराघरासाठी लढाई झाली. युरोपातला घर लढवण्याचा रिवाज नागावच्या सर्वांत जवळ आला तो तिथे, आणि तोही व्यापारी शहरात. वेढा उठल्यानंतर शहराभोवती तट बांधला गेला आणि घरांना पुन्हा नुसते घर राहता आले.

बागायतीशी जोडलेले बंदोबस्ताचे घर पोर्तुगीज मुलखात पाहायचे तर मुंबईकडे वळावे लागते. गार्सिया द ओर्ता या वैद्याने सोळाव्या शतकाच्या मध्याला मुंबई बेट खंडाने घेतले होते. तिथल्या वाडीतले मोठे घर पुढे मजबूत करण्यात आले आणि १६६५ साली इंग्रजांनी बेटाचा ताबा घेतला तेव्हा तेच सत्तेचे ठिकाण होते. त्याच्याभोवती बॉम्बे कॅसल वाढला. म्हणजे वाडीतल्या घराचा किल्ला झाला, पण त्या प्रक्रियेत वाडी नाहीशी झाली.

नागावचे संरक्षण घराबाहेर, राज्याच्या खर्चाने उभे राहिले. अलिबागसमोर भरतीच्या पाण्यात कुलाबा, त्याचे काम १६८० चे. उत्तरेला समुद्रात खांदेरी, दक्षिणेला खाडीच्या तोंडावर कोर्लई, पूर्वेला डोंगरावर सागरगड. यांतले किल्ले फार काळ एकाच धन्याचे नव्हते आणि त्यांचे एकमेकांशी हाडवैर होते, तरी पहारा, तोफ आणि शिबंदी किल्ल्यात, आणि विहीर, गोठा, कणगी वाडीत, ही विभागणी सगळ्यांनी मानली. आंग्र्यांच्या काळात ती पक्की झाली. रेवदंडा १७४० मध्ये मराठ्यांकडे आला आणि वाडीला भिंत घालण्याचे उरलेसुरले कारणही संपले.

अभ्यासाच्या दृष्टीने दोन्ही प्रकारांची आजची अवस्था सारखीच नाजूक आहे, नाश मात्र निरनिराळ्या वाटांनी होतो. गढीचे छप्पर गेले की पांढरी माती पावसात विरघळते. उरलेली माती लोक घरबांधणीला आणि शेतात घालायला नेतात. खालचे दगडी थर, दरवाजा आणि बळदाची भोके एवढे राहते. वाडीत उलटे घडते. घर राहते, कधी दुमजली होते, पण शेतीच्या इमारती आधी जातात. पंप आल्यावर रहाट निघाला, बैल गेला, मग गोठ्याचे काम उरले नाही. पर्यटक येऊ लागले तेव्हा त्याच जोत्यावर भाड्याच्या खोल्या झाल्या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने माड आणि पोफळी आडव्या केल्या, कौले उडवली, आणि नव्याने बांधताना पुष्कळांनी पत्रा आणि स्लॅब पसंत केला. त्यात त्यांचे काही चुकले नाही.

जुन्या वाडीची मांडणी वाचायची असेल तर सुरुवात घरापासून न करता विहिरीपासून करणे सोयीचे ठरते. रहाटाचे जोते कोणत्या दिशेला उंच आहे ते पाहावे, पन्हळीचा दगड शोधावा, तिथून पाटाचा उतार धरून चालत गेले की कोणती झाडे जुन्या लागवडीतली आणि कोणती नंतरची हे रांगांवरून कळते. पाट जिथे घराला वळसा घालतो तिथे मागची पडवी होती. त्याच्या खालच्या अंगाला, आळ्यांच्या अगोदर, गोठ्याचे जोते सापडावे.